सर हळू बोलतात

प्रिय ताई,

सकाळपासून कितीदा तरी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बोलताना मी रडले असते आणि तू घाबरून मिळेल त्या गाडीने निघाली असतीस. बातमी चांगली आहे. हे आधीच सांगते, म्हणजे नेहमीसारखी शेवटून वाचायला लागणार नाहीस.

आज विद्यापीठाचं नवं सत्र सुरू झालं. हे पहाटेपासून तयार होऊन बसले होते. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर जो काही आवाज उरलाय, तो गेलं वर्षभर फक्त माझ्यासाठी होता, तोही दार लावून. बाकी सगळ्यांशी पाटीवर लिहून कारभार. सख्ख्या भावाचा फोन आला तरी मला खूण करायचे, झोपलोय म्हणून सांग. आणि हा तोच माणूस गं, ज्याच्या दगडांवरच्या व्याख्यानाने शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाईंचं डोकं उठायचं! विभागप्रमुखांनी कार्यालयातलं काम देऊ केलं होतं. ह्यांनी पाटीवर लिहिलं, "एकदा वर्गात उभा राहून बघतो." मला मात्र घरी हळूच सांगितलं, "शेवटच्या बाकापर्यंत पोचलो नाही, तर विषय संपला."

म्हणून मुलं यायच्या आत रिकाम्या वर्गात आवाज तपासून बघायला आम्ही उजाडता उजाडता निघालो. रस्त्यावर झेरॉक्सवाला दुकानाची पायरी धूत होता. वसतिगृहाच्या फाटकाशी एक वडील काखेत गादी धरून उभे होते आणि त्यांची लेक, कुणी बघत तर नाही ना, अशी इकडेतिकडे पाहत होती. ह्यांनी त्या वडिलांकडे बघून मान हलवली. मला बरं वाटलं. किती दिवसांनी ह्यांनी आपणहून कुणाची दखल घेतली होती.

वर्ग उघडाच होता. मी पार मागच्या बाकावर जाऊन बसले. ह्यांनी खिशातून एक करडा दगड काढून टेबलावर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. ताई, खरं सांगते, मला निम्मंसुद्धा ऐकू आलं नाही. ओठ हलताना दिसत होते, मधूनच एखादा खरखरीत शब्द येऊन पोचत होता. ते थांबले आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहू लागले. 'आलं की ऐकू' असं खोटं बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून कुणीतरी विचारलं, "सर, भूशास्त्राचा पहिला वर्ग इथेच ना?"

एक मुलगी होती. घामाघूम, पाठीवर भलीमोठी पिशवी. पाटी माझ्याजवळ होती. मी उठणार, इतक्यात हे पटकन बोलून गेले, "इथेच. ये, बैस." आपण बोललो याचा धक्का त्यांनाच जास्त बसला असावा. ती मात्र "बरं सर" म्हणून सरळ पहिल्या बाकावर बसली. चेहऱ्यावर ना कीव, ना आश्चर्य. तिला ह्यांचा आधीचा आवाज माहीतच नव्हता गं. तिच्या लेखी सरांचा आवाज असाच. पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "मघाशी त्या दगडाचं काहीतरी सांगत होतात, मला दारातून नीट कळलं नाही." ह्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

हळूहळू मुलं येऊ लागली. पहिल्याच दिवशी सगळ्यांना मागची जागा हवी असते, तुला ठाऊक आहे. तर ही मुलगी मागे वळून म्हणते कशी, "अरे, पुढे या ना, सर हळू बोलतात!" आणि आली की सगळी! दाटीवाटीने, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसली. मागे मी एकटीच उरले. वर्ग इतका शांत होता, की गणिताच्या बाई दारातून डोकावून गेल्या, आत कुणी आहे की नाही ते बघायला. मधे ह्यांचा आवाज पार बसला. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, हे प्यायले आणि पुन्हा सुरू झाले. तास संपल्यावर मुलांनी ह्यांना गराडा घातला. मला घरी एकटीला परत यावं लागलं, आणि त्याचा आनंद मी कुणाला सांगू?

तेव्हा ताई, ह्यांनी नोकरी सोडलीच तर म्हणून राखलेली तुझ्याकडची वरची खोली आता आमच्यासाठी अडवून ठेवू नकोस. खुशाल भाडेकरू बघ. भावोजींनी हौसेने रंग काढून घेतलाय, त्यांना माझ्या वतीने चार गोड शब्द सांग. आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. दुपारी घरी आल्यावर हे म्हणाले, "रविवारी ताईंना मी फोन करतो." तू उचलशील तेव्हा पलीकडे कोण बोलतंय ते तुला चटकन कळणार नाही. चुकीचा नंबर समजून ठेवून देऊ नकोस. 'बाई गं, हे काय झालं' असंही म्हणू नकोस, आणि रडू तर मुळीच नकोस. नेहमीसारखी त्यांची थट्टा कर. थोडं थांब, त्यांना वाक्य पुरं करायला वेळ लागतो.

तुझीच,
धाकटी