अर्जदाराचे ओतकाम प्राचीन नसल्याबाबत

प्रति,
मा. पुरावस्तू संरक्षण अधिकारी,
पुरावस्तू संरक्षण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या उजवीकडे.

विषय : पुरातन काशाच्या साठ्यातून अर्जदाराची बिघडलेली कामे वेगळी काढणे व भट्टीवरील बंदी उठवणेबाबत.

संदर्भ : १) भट्टी न पेटवण्याबाबत आपली नोटीस. २) अर्जदाराचे याआधीचे अर्ज, जे आपल्याच कार्यालयात कुठेतरी असावेत.

महोदय,

१. अर्जदार व्यवसायाने ओतारी असून काशाच्या घंटा, बिजागऱ्या, दाराच्या मुठी व नळाच्या चाव्या ओतून कुटुंबाचे पोट भरतो. कुटुंबात पत्नी व वृद्ध वडील आहेत. वडीलही ओतारीच, आणि धंद्यात त्यांचे नाव अजून निघते. अर्जदाराचेही निघते, पण कारण वेगळे असते. ही बाब एरवी अर्जात लिहिण्यासारखी नाही. परंतु सगळे प्रकरण तिच्याभोवतीच फिरत असल्याने ती लाज गुंडाळून ठेवून नमूद केली आहे.

२. साचा सरकला, रस लवकर गार झाला किंवा आत हवा अडकली, की ओतलेली वस्तू बिघडते. अशी वस्तू पुन्हा वितळवावी, हा रिवाज. पण वितळवायची तर भट्टीजवळ न्यावी लागते, आणि भट्टीजवळ वडिलांची खुर्ची आहे. त्यांना आता नीट दिसत नाही. तरी बोटांनी चाचपून ते वस्तूतले सगळे दोष सांगतात, आणि वस्तूतले संपले की अर्जदारातले सांगू लागतात. त्यामुळे अर्जदार गेली कित्येक वर्षे आपली बिघडलेली कामे कारखान्यामागच्या खड्ड्यात गुपचूप पुरत आला आहे. गेल्या हिवाळ्यात एका शाळेची घंटा अशी काही बिघडली की तिला तो खड्डा पुरेना. खड्डा खोल करताना कुदळ एका मडक्यावर बसली. मडक्यात तुटक्या कुऱ्हाडी, भाल्याची मोडकी पाती, अर्धी कडी आणि काशाचे ओबडधोबड गोळे निघाले. सगळे हिरवे पडले होते आणि फार जुने होते, एवढे अर्जदारालाही कळले.

३. अर्जदाराने त्याच दिवशी सरकारदरबारी कळवले की, "कारखान्यामागे खड्ड्यात जुनी मोड निघाली आहे, तरी येऊन पाहावी." मोड म्हणजे पुन्हा ओतण्यासाठी जमवलेले मोडकेतोडके सामान. हा शब्द आमच्या तोंडी दिवसातून दहादा येतो. परंतु अर्ज घेणाऱ्या कारकुनांनी स्त्रीलिंगी मोड व पुल्लिंगी मोड यांत भेद न करता अर्ज कृषी खात्याकडे धाडला. यथावकाश कृषी खात्याचे साहेब आले. खड्ड्यात वाकून त्यांनी कोणत्या धान्याला मोड आले आहेत, अशी विचारणा केली. अर्जदाराने त्यांच्या हाती कुऱ्हाड दिली. तिच्यावर "उगवण आढळली नाही" असा शेरा लिहून, चहा घेऊन ते परत गेले.

४. या गोंधळात बरेच दिवस गेले आणि माल उघड्यावर पडून राहिला. ओताऱ्याच्या हाताला एक सवय असते. लोखंड लोखंडात, पितळ पितळेत, कासे काशात. मोड धातूप्रमाणे लावतात, वयाप्रमाणे लावण्याची पद्धत आमच्यात नाही. त्यामुळे मडक्यातला माल आणि खड्ड्यातली अर्जदाराची बिघडलेली कामे एकाच पोत्यात गेली. सरकारी माल आहे, वेगळा ठेवा, असे पत्नीने तेव्हाच बजावले होते. अर्जदाराने तिचे ऐकले नाही. ही गोष्ट तिच्याच आग्रहावरून येथे लिहिली आहे.

५. अखेर आपल्या कार्यालयाच्या तज्ज्ञ बाई आल्या आणि पोते जसेच्या तसे मोहोरबंद करून घेऊन गेल्या. पुढे संग्रहालयात प्रदर्शन लागले तेव्हा अर्जदार पत्नीसह पाहून आला. काचेच्या पेटीत नळाची चावी होती व खाली "सूर्यचक्र" असे लिहिले होते. भोके पाडायची राहून गेलेली बिजागरी "पंख पसरलेला पक्षी" झाली होती. शाळेची घंटा मधोमध, खास दिव्याखाली होती. तिच्याखालच्या पाटीवर लिहिले होते की, हा कारागीर शिकाऊ असावा किंवा त्याला एकच हात असावा. एक गृहस्थ आपल्या मुलीला ते मोठ्याने वाचून दाखवत होते. अर्जदाराने दोन्ही हात खिशात घातले. पत्नीला इतके हसू आले की तिला बाहेर जाऊन बसावे लागले.

६. अर्जदारानेही हे हसण्यावारी नेले असते. आयुष्यात आपले एखादे काम खास दिव्याखाली जाईल, असे त्याला कधी वाटले नव्हते. परंतु याच वस्तूंच्या आधारे कारखान्याची जागा "प्राचीन ओतशाळा" ठरली, भट्टीभोवती दोरी बांधली गेली आणि आत विस्तव नेण्यास मनाई झाली. गिऱ्हाइके दुसरीकडे जाऊ लागली. वडील मात्र रोज सकाळी सवयीने येऊन गार भट्टीजवळच्या खुर्चीत बसतात. हातात चाचपायला काही नसते. ते आता अर्जदारास काहीच बोलत नाहीत. त्यांच्या शिव्या बंद झाल्याचे आपल्याला वाईट वाटेल, असे अर्जदारास स्वप्नातही वाटले नव्हते. पण वाटते, आणि फार वाटते.

७. यावर आपल्या कार्यालयात सुनावणी झाली. अर्जदाराने वडिलांना धरून धरून दोन जिने चढवून आणले. पेटीतल्या वस्तू त्यांच्यापुढे ठेवण्यात आल्या. कुऱ्हाडी व पाती त्यांनी चाचपून बाजूला सारली. घंटा हातात घेतली, कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "ही याचीच. इतकं वाकडं ओतणं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." अर्जदाराची मान खाली गेली, पण खाली घातलेल्या तोंडावर हसू होते, कारण आता भट्टी सुटली असे त्याला वाटले.

८. निकाल मात्र उलटा लागला. एक तर नातेवाइकाची साक्ष ग्राह्य नाही. दुसरे, बाईंनी असे मत दिले की काही वस्तू अलीकडच्या असाव्यात अशी शंका त्यांनाही आली होती, परंतु इतके वाईट ओतकाम आजच्या काळात संभवत नाही. तिसरे, अर्जदाराच्या परवान्यावर "कुशल ओतारी" असे लिहिलेले आहे. तेव्हा अर्जदार कुशल असेल तर वस्तू त्याच्या नाहीत, आणि वस्तू त्याच्या असतील तर परवाना रद्द होण्यास पात्र आहे. यापैकी काय ते अर्जदाराने लेखी कळवावे, असे सांगण्यात आले. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

९. येथे एक खुलासा आवश्यक आहे. अर्जदाराचा मडक्यातल्या मालावर कसलाही हक्क नाही व लोभही नाही. फक्त त्याखालच्या पाटीवर "टाकाऊ धातू" असे लिहिले आहे, ते बदलावे. मोड कोणी टाकून देत नाही. ती पुन्हा ओतायची म्हणूनच जपून ठेवतात. ज्याने ते मडके पुरले तो भट्टी पेटवायला परत येणार होता. त्याला कोणी येऊ दिले नाही, की तो वाटेतच गेला, हे कोणालाच ठाऊक नाही. आपली भट्टी बंद झाल्यापासून अर्जदारास त्या माणसाची वरचेवर आठवण येते.

१०. सबब अर्जदाराची विनंती अशी की, त्यास एका दिवसापुरती भट्टी पेटवण्याची परवानगी द्यावी आणि त्या दिवशी बाईंसह आपण समक्ष हजर राहावे. अर्जदार सर्वांदेखत एक घंटा ओतेल. ती नेहमीसारखीच बिघडेल, तिचा साचा त्याच बाजूला सरकेल, आणि ती संग्रहालयातल्या घंटेशेजारी ठेवताच दोन्हींचा बाप एकच आहे हे कोणालाही कळेल. मग परवान्यावरचा "कुशल" हा शब्द खुशाल खोडावा. "ओतारी" एवढाच राहिला तरी चालेल.

११. हा अर्ज पत्नीला वाचून दाखवला असता ती सहज म्हणाली, "आणि नेमकी त्या दिवशी चांगली ओतली गेली तर?" अर्जदाराने हा विचारच केला नव्हता. तेव्हापासून त्याला झोप नाही. आजवर काम बिघडेल म्हणून हात कापत असे, आता ते साधेल म्हणून कापतो. आणि कापता हात कधी काय करून बसेल, याची हमी अर्जदार देऊ शकत नाही.

१२. तरी, दुर्दैवाने घंटा चांगली निघालीच, तर अर्जदार हरला असे समजावे. भट्टीचे जे करायचे ते कार्यालयाने करावे, अर्जदार पुन्हा अर्ज करणार नाही. फक्त घंटा गार झाल्यावर, तिचा पंचनामा होऊन ती मोहोरबंद होण्याआधी, ती एकदा वडिलांच्या हातात देऊ द्यावी.

आपल्या परवानगीची वाट पाहत असलेला,

(सही)
अर्जदार, ओतारी

दिनांक : पोचेवर पडेल तो.