जागं रक्त

३ जून
नोकरीचा पहिला दिवस! नवा पांढरा कोट, उंच खिडक्या, हसतमुख मंडळी. रक्ततपासणीच्या या प्रयोगशाळेत मला चिकटवलं ते इथेच काम करणाऱ्या धाकट्या जावेनं, आणि हे ती सकाळपासून चौघांना सांगून मोकळी झाली. असो. काम मजेचं आहे. रक्तात अँटीबॉडीचा थेंब टाकायचा. तिला रंग जोडलेला असतो. शरीराच्या ज्या पहारेकरी पेशींनी शत्रू ओळखलाय, फक्त त्यांनाच ती चिकटते, आणि पडद्यावर त्या हिरव्या चमकतात. झोपलेल्या पेशी काळ्याच राहतात.

५ जून
तुलनेसाठी रोज एक निरोगी, शांत रक्त लागतं. ते धाकटीचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, इतकं गुणी रक्त पाहिलं नाही. घरी सासूबाई तिचे गोडवे गातात, आता इथे मॅडम. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? मीही बाही वर केली.

६ जून
माझं रक्त हिरवंगार! मॅडमनी ताप आहे का विचारलं. नाही. धाकटीनं विचारलं, ताई, कुणावर रागावलात का? सगळे हसले. नाकाला मिरच्या झोंबल्या.

१० जून
धाकटी रजेवर. माझं रक्त शांत. मॅडमनी पाठ थोपटली.

११ जून
ती परतली. पुन्हा हिरवं.

१५ जून
काल गुपचूप तिच्या रक्ताचा थेंब माझ्या रक्तात मिसळला. पडदा नुसता पेटला. मॅडमचं मिसळलं, शिपायाचं मिसळलं, काही नाही. आज पाहिलं, नळीत तिची एकही पेशी जिवंत नव्हती. माझ्या मात्र वाढल्यात.
भीती वाटली. थोडं बरंही वाटलं.

१९ जून
धाकटी जिन्यावरून पडली. ऑपरेशन. फार रक्त गेलंय. तिचा गट दुर्मीळ, घरात एकीशीच जुळतो. माझ्याशी. डॉक्टर म्हणाले, उत्तम जुळतंय. त्यांनी ती नळी पाहिलेली नाही.

दुपार
पिशवी भरली. सांगायला तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, थोरलीच माझी खरी लेक. सगळ्यांसमोर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा—
गप्प बसले.

पिशवीची नळी तिच्या हाताला जोडली. धाकटी माझ्याकडे बघून हसतेय. नर्सला सांगतेय, की आमच्या ताईंचं—

अजून थांबवता येईल. नर्स इथेच आहे. नुसती हाक मारायची. सासूबाईंनी डोळे मिटून माझ्या खांद्यावर डोकं टेकलंय. उठले तर—

पहिला थेंब