पाणभुताची ताठ मान

दादा,

तुझ्या बाथरूमचं पाणी माझ्या टेबलावर ठिबकतंय. वर येऊन सांगावं, तर आई गेल्यापासून आपलं बोलणं बंद. सकाळपासून जिना चढते, दाराबाहेर तुझ्या चपला पाहते आणि आल्या पावली परतते.

मुलांच्या पुस्तकासाठी जपानी लोककथांमधली भुतं रंगवतेय. सध्या कप्पा, कपाटातला नव्हे, नदीतला. पाठीवर कासवाची ढाल, डोक्यावर खळगा आणि खळग्यात पाणी. सगळी ताकद त्या पाण्यात. पण स्वारी भलती शिष्टाचारी. कुणी वाकून नमस्कार केला की हाही वाकतो, पाणी सांडतं आणि गडी गळून जातो.

जलरंगात चकाकी हवी तिथं कागद कोरा सोडतात. खळग्यात मी तो जपून सोडला होता. नेमका तिथंच तुझा थेंब पडला आणि हिरवा रंग आत पसरला. तळपायाची आग मस्तकात गेली!

तसंच चित्र संपादकबाईंना दाखवलं. डाग त्यांना दिसलाच नाही. म्हणाल्या, "मान किती ताठ याची! आणि समोर माणूस कुठंय? समोरचं वाकल्याशिवाय हा कशाला वाकेल?"

नव्या कागदावर आधी समोरची बाई काढली, कमरेत वाकलेली. अंबाडा माझाच आला, काय करू? मग कप्प्याची मान आपोआप झुकली. नाक मात्र तुझं आलंय.

हे पत्र तुला देणार नाही. पत्रात कुणाला वाकता येत नाही.

तुझं पाणी तर कधीपासून सांडतंय, दादा. वाकायची मीच राहिलेय.

खालच्या मजल्यावरची,
धाकटी