डबा फक्त तिचं ऐकतो

१२ ऑक्टोबर २००८, रवि.
आज गाडी काढली. जुलैनंतर पहिल्यांदा. बॅटरी उतरली होती, वॉचमन आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाने धक्का मारला. स्टेशनपर्यंत जाऊन परत. गाडी सौ. चालवायची, मी शेजारी बसायचो. लायसन्स आहे, सवय नाही. आरसे तिच्या उंचीला लावलेले. मधला बदलला. बाजूचे तसेच.
वर सवयीने सौ. लिहिलं. राहू दे.

१४ ऑक्टो., मंगळ.
गाडीतला फोनचा डबा चालत नाही. म्हणजे चालतो, माझं ऐकत नाही. सौ.ने माणिकपूरच्या दुकानातून बसवून घेतला होता. मोबाईल स्टँडवर ठेवायचा, बटण दाबून नाव बोलायचं. डबा तेच नाव तिच्या आवाजात परत म्हणतो आणि फोन लावतो. ती बोलली तर.
आज बोळिंज नाक्यावर गर्दीत अडकलो. 'स्वाती' म्हटलं. डबा इंग्रजीत, पुन्हा बोला. मोठ्याने बोललो. पुन्हा बोला. सौ.सारखं जरा लांबवून बोललो. पुन्हा बोला.
बाजूचा रिक्षावाला, "काका, भांडताय कोणाशी? गाडीत तर कोणीच नाही."
घरी लेकीला सांगितलं. स्वाती म्हणाली, "बाबा, तो आईचाच आवाज ओळखतो. माझंही नाही ऐकत. एकदा मी मामाला फोन लावायला घसा बसेपर्यंत ओरडले होते. आई नुसती हसत..."

१९ ऑक्टो., रवि.
स्वातीने रस्ता दाखवणारं यंत्र आणलं. काचेला चिकटवायचं. त्यात एक बाई इंग्रजीतून वळणं सांगते. स्वातीची नवी नोकरी पुढच्या महिन्यात सुरू होईल, हायवेवर, काशिमीऱ्याजवळ. गाडी तीच नेणार.
नकाशात आमचं कॉम्प्लेक्स नाही. तिथे शेत दाखवतो. "बाबा, आपण भातात राहतो." हसली. बऱ्याच दिवसांनी.
मग म्हणाली, "जुना डबा पण दुकानात नेऊ. मेमरी भरलीय. आईची नावं उडवून माझ्या आवाजात भरून घेते. गाडी चालवताना मोबाईल हातात धरला तर तुम्हीच ओरडाल."
बरोबर आहे. बघू म्हटलं.
सौ.च्या मोबाईलचं रिचार्ज केलं. फोन गाडीतच असतो.

२८ ऑक्टो., मंगळ.
दिवाळी. कंदील नाही. घरात काही तळायचं नाही या वर्षी. शेजारच्या वहिनी फराळाचं ताट देऊन गेल्या, उभ्या उभ्या. चकली खाल्ली. चांगली असावी.

३० ऑक्टो., गुरु. भाऊबीज
सौ. या दिवशी जूचंद्रला भावाकडे जायची. माहेर तिथलंच. भाऊंचा परवा फोन आला होता, ओवाळनारी नाय, तरी जेवायला या. स्वातीला सुट्टी नव्हती. मी एकटा.
यंत्रातल्या बाईच्या भरवशावर गेलो. पुलापलीकडे गेल्यावर तिने दोनदा डावीकडे वळवलं. रस्ता संपून माती लागली. मिठागराचा बांध. समोर पाणी. बाई म्हणाली, आपण पोहोचला आहात.
डब्याचं बटण दाबून 'भाऊ' म्हटलं. पुन्हा बोला. माझ्या मोबाईलवरून लावला. भाऊ मोटरसायकलवर आले. गाडीकडे बघत थोडा वेळ उभे.
"दाजी, मीठ न्यायला आलाव का?"
"ही बाई सांगत होती तसा आलो."
"हिला कुठला आमचा गाव म्हाईत. आमच्या बायला इचारायचा..." माहेरी सौ.ला बाय म्हणायचे.
मग भाऊंनी हात दाखवत गाडी मागे घ्यायला लावली.
जेवताना म्हटलं, दरवर्षी येऊन मला रस्ता कसा पाठ नाही. ती दर वळणावर विचारायची. अहो, पुढे डावीकडे ना? मी हो म्हणायचो. रस्ता मी सांगतो असंच मला वाटायचं.
भाऊ म्हणाले, "तिला कसाला रस्ता इचारायला लागतोय. याच बांधावरना शालंत चालत गेलेली पोर. तुमी काय बोलत नाय, म्हनून इचारीत असल."
भाऊंनी भाऊबीजेची साडी आणलेली होती. स्वातीसाठी दिली. येताना यंत्र बंद ठेवलं. विचारत आलो.

५ नोव्हें., बुध.
बँकेत निघालो, माझा मोबाईल घरी राहिला. बोळिंजच्या रस्त्यावर स्टँडवरचा सौ.चा फोन वाजला. फोन आला की डबा आधी नाव सांगतो, ज्याचं भरलेलं असेल त्याचं.
सौ.चा आवाज आला. "अहो."
जरा थांबून पुन्हा. "अहो." शेवटाला हसू दाबल्यासारखं.
गाडी बाजूला घेतली. उचलला नाही. वाजणं थांबेपर्यंत डबा तेच म्हणत होता.
घरी स्वाती, "बाबा, तुम्ही मोबाईल विसरलात ते सांगायला तुमच्याच मोबाईलवरून आईच्या नंबरवर लावला. उचलला का नाही?"
गाडी चालवत होतो म्हटलं.
डबा बसवला तो दिवस आठवला. दुकानदार म्हणाला होता, मॅडम, आता साहेबांचं नाव बोला. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, समोरून उसाचा रस घेऊन या ना. आलो तोवर काम झालेलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर तिने माझं नाव कधी घेतलं नाही. रेशनच्या ऑफिसातसुद्धा 'स्वातीचे बाबा' म्हणाली होती, तिथला क्लार्क वैतागला होता. डब्याला काय सांगितलंस हे मी विचारलं नाही.

८ नोव्हें., शनि.
माणिकपूरला एकटा गेलो. दुकानदार तोच. म्हणाला, "काका, हा माल आता येत नाही. याच्यातून आवाज बाहेर काढता नाही येत. उडवता येतो."
"सगळी नावं उडवावी लागतात?"
"एकेक पण उडवता येतात. कुठलं ठेवायचंय?"
सांगितलं नाही.
"नाहीतर मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. पाहिजे तेव्हा ऐका."
नको म्हटलं. पाहिजे तेव्हा ऐकायचं नाही. तिने हाक मारली म्हणजे ऐकू येते, ते वेगळं. हे त्याला काय सांगणार. पुढच्या शनिवारी लेकीला घेऊन येतो म्हटलं.

११ नोव्हें., मंगळ.
आज स्वातीला सांगायचं ठरवलं होतं. जेवताना. भात, आमटी, पापड. आमटीत मीठ बरोबर आहे का, तिने विचारलं. हो म्हटलं. डब्याचं सांगितलं नाही.

१५ नोव्हें., शनि.
माणिकपूर. गाडी स्वातीने चालवली. मी शेजारी. चर्च दिसायला लागल्यावर म्हणाली, "बाबा, पुढे डावीकडे ना?"
इथल्याच शाळेत गेली ती. दहा वर्षं.
हो म्हटलं. मग म्हटलं, चर्चच्या अलीकडचं वळण, रिक्षा स्टँडच्या बाजूने.
दुकानदाराने दार उघडून डब्याची वायर पाहिली. स्वातीला म्हणाला, "बोला मॅडम, कुठली उडवायची?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी काचेतून बाहेर बघत होतो. वाटलं होतं, आता बोलेन.
"बाबा, रस घेऊन या ना. समोर आहे बघा."
गेलो. रसवाल्याकडे गर्दी होती. आलं घालू का, त्याने दोनदा विचारलं. दोन ग्लास घेऊन आलो तेव्हा स्वाती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. स्टँडवर तिचा मोबाईल. सौ.चा बंद करून माझ्या हातात दिला.
"झालं?"
"झालं. काही काढली, काही ठेवली."
कुठली, विचारलं नाही. रस प्यायलो.

१७ नोव्हें., सोम.
स्वातीचा नोकरीचा पहिला दिवस. देवाला नमस्कार केला, फोटोला केला. सकाळीच गाडी घेऊन गेली. बाजूचे आरसे तिला बदलावे लागले नाहीत. आईएवढीच आहे.
पोहोचलीस का म्हणून फोन करायचा होता. बराच वेळ मोबाईल हातात घेऊन बसलो. तिकडे गाडीत काय वाजेल ते तिला ऐकू येणार, मला नुसती रिंग.
लावला. रिंग वाजत राहिली. उचलायला तिने वेळ लावला.
"बोला, बाबा."
"पोहोचलीस?"
"नाही अजून. फाउंटनच्या नाक्यावर ट्रॅफिक आहे."
हॉर्न ऐकू येत होते. तिनेही लगेच ठेवला नाही.
संध्याकाळी मी गाडीत असताना पुन्हा फोन करा म्हणाली.