धूळ म्हणून पुसलेला ठिपका

मी, वेधशाळेच्या मोजणी विभागातून निवृत्त झालेली, वय वर्षे एक्क्याऐंशी, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी कालच दिला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तर हे फार पूर्वीच लिहून झाले असते.

१. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील ठेव माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावी. भावाने हरकत घेऊ नये. बहिणीच्या आजारपणात तो एकदाही फिरकला नाही. त्याला भिंतीवरचे घड्याळ द्यावे. ते मागे पडते.

२. कपाटाच्या खालच्या खणात मऊ कापडात गुंडाळलेली काचेची प्लेट, म्हणजे काचेवर घेतलेला आकाशाचा फोटो, आहे. ती माझी नाही. वेधशाळेच्या नोंदवहीत ती फुटल्याचे माझ्या अक्षरात लिहिले आहे. ती फुटलेली नाही.

आकाशाच्या एकाच भागाच्या, वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या दोन प्लेटा यंत्रात आलटूनपालटून पाहायच्या, हे आमचे काम. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरकला, तर तो सूर्याभोवती फिरणारा दगड किंवा बर्फाचा गोळा. एकोणीस वर्षांत मला एकही नवा सापडला नव्हता. बहिणीला तिथे मीच चिकटवले होते. पाचव्याच महिन्यात तिने शाईने बारीक वर्तुळ काढून प्लेट माझ्यापुढे ठेवली.

"ताई, हा सरकलाय. अगदी जरासा, पण सरकलाय."

मी पाहिले. सरकला होता.

"धूळ आहे," मी म्हणाले, आणि ओल्या फडक्याने वर्तुळ पुसून टाकले.

त्या भागाची पुन्हा प्लेट घ्यावी, असा अर्ज तिने लिहिला. तो साहेबांकडे मी पोचवायचा होता, पोचवला नाही. उलट, हिला नसलेले दिसते असे त्यांच्या कानावर घातले. तिची नोकरी गेली. पुढे ती चष्म्याच्या दुकानात काचा घासत बसली. घरात तिच्या नजरेची थट्टा होई, तीही मीच सुरू केलेली. भाची अजून हसत म्हणते, आईला काय, कुठेही काहीही दिसायचं.

अकरा वर्षांनी दूरच्या एका वेधशाळेला बर्फाचा एक लहान गोळा सापडला. त्याची कक्षा मी मागे मोजत नेली. प्लेटच्या तारखेला तो बहिणीने दाखवलेल्या जागीच येत होता. आकडेमोड तीनदा केली. मग प्लेट घरी आणली.

त्यानंतर बहीण नऊ वर्षे जगली. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जात असे. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात तिने विचारले, "ताई, ती खरंच धूळ होती का गं?"

मी हो म्हणाले.

३. प्लेट आणि सोबतचे माझ्या सहीचे निवेदन भाचीने वेधशाळेत द्यावे. तिच्या आईचे नाव लागेलच असे नाही. जो आधी कळवतो त्याचा शोध, असा नियम आहे. तरी द्यावे.

४. हे वाचून भाचीला माझा अंत्यविधी करावासा वाटला नाही, तर तिने करू नये. घर तरीही तिचेच. क्षमा मागणारे एक कलम लिहिले होते, ते मीच खोडले आहे.

आत्ता ती चहा ठेवून गेली. एवढं काय लिहितेस, म्हणाली. घराचे कागद, असे मी सांगितले.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ नोव्हेंबर २००४
लिहून देणारीची सही

साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही) २. शेजारी, निवृत्त टपाल कारकून (सही)

सही आमच्यासमक्ष झाली. मजकुरावर त्यांनी शेवटपर्यंत हात आडवा धरला होता. तो आम्ही वाचलेला नाही.