झील कुणी धरायची

वेंटवर्थव्हिल,
ऑगस्ट २०२१

प्रिय ऐशू,

जय भीम. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि उत्तर देत नाहीस, म्हणून हे पत्र. आमच्या अनन्याने काल निकालच देऊन टाकला, "मम, ऐशूमावशी इज घोस्टिंग यू." मी म्हटलं, घोस्टिंग कसलं, तिचं हे लहानपणापासूनचं आहे. रुसली की पलंगाखाली जाऊन बसायची. आता पलंग पार पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला आहे, एवढंच. आणि मला वाकून बघायचीही सोय नाही. सिडनीत लॉकडाउन, आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी, आणि डोक्यावर दिवसभर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय.

सगळ्यांना तू सांगतेस की राज्याची बॉर्डर बंद आहे, अडकलेय. बाई गं, बंद आहे ती आमच्यासाठी. सिडनीच्या माणसाला तिकडे येता येत नाही, तुला इकडे यायला कुणी अडवलेलं नाही. मी नियम वाचलेत. पबमधल्या चार गाण्यांसाठी म्हणून गेलीस आणि तिथेच दादाकडे मुक्काम ठोकलास. तुझ्या शिरीषदादाला विचारलं, तर तो खाणीवरून दमून आलेला, म्हणतो, "शी इज ओके, लीना. जेवते, फिरायला जाते. फक्त कुणी गाणं लावलं की उठून आत जाते." सख्खा चुलतभाऊ, आणि त्याला यात ओके दिसतं! मी हात टेकले.

मावशींसारखी आई गेल्यावर लेकीच्या तोंडून सूर निघत नाही, हे मला कळत नाही असं समजू नकोस. मेमधला तो दिवस मीही विसरलेले नाही. चेंबूरचं हॉस्पिटल, इकडून उडणारी विमानं बंद, आणि मावशींना शेवटचं बघायचं तेही मोबाइलच्या पडद्यावर. गेल्या वर्षी लग्नाला म्हणून गेलेली, तिकडेच अडकलेली बाई परत आलीच नाही. पण ऐशू, मलाही त्यांनीच गायला शिकवलं. मलाही रडायचंय. मी मात्र लॅबमध्ये शिफ्टा करते, घरी येऊन डाळ लावते, आणि वर तुझ्या वतीने लोकांना उत्तरं देते. याचा मला मनापासून राग येतो, हे एकदा लिहूनच टाकते.

आठवतंय ना, इथल्या हॉलमधली जयंती? पुढे मावशी, बाजूला ढोलकी, आणि मागे झील धरायला आपण दोघी, एकसारखे निळे फ्रॉक घालून. मावशी ओळ टाकायच्या, ती आपण झेलायची आणि वर न्यायची. एका वर्षी त्यांना ऐन कडव्यात ठसका लागला आणि आपण दोघी घाबरून गप्प बसलो. त्यानंतर गाडीत जी बोलणी खाल्ली! पुढचीचा श्वास तुटला तर मागचीने ओळ उचलायची असते, गाणं खाली पडू द्यायचं नसतं, हे त्यांनी घर येईपर्यंत आपल्या डोक्यात घातलं. तू मागच्या सीटवर मला चिमटे काढत होतीस.

मग शाळेत त्या संगीताच्या मिसने सोलची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांची, रेकॉर्ड लावली. पुढे एक बाई काळजातून हाक घालतेय, मागून तिघीचौघी उत्तर देताहेत. तू मला कोपर मारून म्हणालीस, "लीने, हा तर आपला जलसा!" तिथून जे सुरू झालं ते झालं. वॉलॉंगॉंगची युनी दुसऱ्या वर्षाला सोडलीस आणि मावशींना ते सांगायला मला पाठवलंस. पबमध्ये गाऊन शेवटच्या ट्रेनने गार झालेल्या चिप्स खात आपण घरी यायचो. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा पेपरवाल्याने लिहिलं की हिच्या गाण्यात अमेरिकेतल्या चर्चचे संस्कार दिसतात. तू हसून लोळलीस. मी नाही हसले, कारण मागे कोण गातंय याचा त्यात शब्दही नव्हता. इतकी वर्षं मी तुझ्या डाव्या खांद्यामागे उभी आहे. लोकांना मी तुझी बहीण वाटते, आणि एका बाईंनी तर मला मेकअपवाली समजून पावडर मागितली.

मेलबर्नच्या त्या फेस्टिव्हलला तुझा आवाज वरच्या सुरावर फाटला, तेव्हा ओळ मी उचलली. लोकांना वाटलं, गाणं तसंच बसवलंय. टाळ्या पडल्या, तू वाकून घेतल्यास. घे बाई, तुझ्याच होत्या.

आणि आता ही मावशींची गाणी. गेल्या वर्षीच्या लॉकडाउनमध्ये तूच काढलंस हे, त्यांनी रचलेली गाणी सोलच्या ठेक्यावर बांधायची. त्या चेंबूरहून फोनवर ऐकून ओरडायच्या, "एवढं हळू कशाला गं, लोक झोपतील ना!" बँडमधल्या मिहिरने बेस वाजवून पाठवला. प्रतापचा ऑर्गन आला. फक्त तुझा आवाज नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती ऑनलाइन लावायची असं मंडळाने मार्चमध्येच ठरवलंय, तूच हो म्हणाली होतीस. मंडळाचे उल्हासदादा दर आठवड्याला फोन करतात, "ऐश्वर्या गातेय ना?" मी सांगते, गातेय, गळा जरा बसलाय. माझ्या या थापांचा मलाच वीट आलाय. तू गायली नाहीस तर ती गाणी मावशींबरोबरच गेली, हे तुलाही ठाऊक आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा उल्हासदादांचा फोन आला आणि मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग तू गा ना, लीना." मी म्हणायला हवं होतं की ऐशूला विचारते. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. केवळ गाणं पडू नये म्हणून नाही, ऐशू. मला पुढे उभं राहायचं होतं, बऱ्याच वर्षांपासून. गॅरेजमध्ये, आवाज घुमू नये म्हणून गाडीला आतून गोधड्या लावून, मी पुढचे आवाज रेकॉर्ड केलेत, तुला आज पाठवले. दोन गाणी तुझ्यासारखी नाही झालीत, एक तुझ्याहून बरं झालंय. हवं तेवढं चिडून घे. पण मागचा आवाज मी कुणाकडूनही गाऊन घेतलेला नाही. झूमवर एकत्र गायला गेलं तर सूर मागे-पुढे होतात, म्हणून शिरीषदादाच्या कपड्यांच्या कपाटात शीर, माझा आवाज कानात लाव आणि झील धर. मागे उभं राहण्यात एक सुख असतं, रडू आलं तर कुणाला दिसत नाही. मी इतकी वर्षं ते घेतलंय, आता तू घे.

तुझीच,
लीना