भिंतीवरचे दोन चौकोन

आबा, वाचनालयाची रस्त्याकडची भिंत शेवटी मीच रंगवली, शिडीवर चढून. तुम्ही आधी शिडीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं असतं, म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकते. तिच्यावर लिहायचं काहीच नव्हतं. हल्ली काळ्या-पांढऱ्या घरांचा एक चौकोन असतो, त्याच्यासमोर मोबाईल धरला की फोन तो वाचतो. आमचा चौकोन वाचला की फोनमधून कुणीतरी एक गोष्ट वाचून दाखवतं. वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, फ्लेक्स छापून आणू, दुपारपर्यंत काम खलास." मी म्हटलं, स्टेन्सिल कापून रंगवते. "आणि फोननं वाचलंच नाही तर?" "तर लावा तुमचा फ्लेक्स." चारचौघांत बोलून बसले.

इंदापूरचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. नव्वद सालानंतरची ती वर्षं. मी बारामतीला कॉलेजात, तुम्ही खताच्या, बियाण्याच्या जाहिराती रंगवत गावोगाव. डॉक्टरांकडून आणलेल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर आपण अक्षरं कापायचो. खिडकीशी धरली की कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या आणि त्यातून 'युरिया' आरपार. आई पलीकडे भाकरी थापते आहे, पीठ फिल्मवर उडतं म्हणून तुम्ही तिच्यावर करवादता आहात, आणि ती म्हणते, "मग भाकरीबी फिल्मच्याच खावा." माझ्या हातात तुम्ही दिलेली सुरी आहे, करवतीच्या तुटक्या पात्याला दगडावर धार लावून, मुठीला सुतळी गुंडाळून केलेली. मी 'व' कापते आणि तुम्ही मनगट धरता. "आगं, हितं पूल ठिव. न्हायतर व चं पोट गळून पडंल." मधला तुकडा धरून ठेवणारी ती बारीक पट्टी. भिंतीवर रंग लागला की ती रेघ ब्रशनं भरायची. न भरता भिंत सोडणारा पेंटर तुमच्या लेखी पेंटरच नव्हता.

एकदा मी कंपासमधली पट्टी घेऊन अक्षरांतली अंतरं मोजली. तुम्ही पट्टी काढून घेतलीत आणि चुलीत घातलीत. "पट्टीनं आक्षरं मरत्यात. लोकं काय पट्टी घिऊन येणार हायती व्हय एश्टीतनं? डोळ्यानं बघ." भिंतीवर उंच जाणारं अक्षर थोडं वाढवायचं, गर्दी झाली तिथं सरकवायचं, म्हणजे रस्त्यावरून सगळं सारखं दिसतं. हे शिकले. पण भिंतीवर नेलं नाहीत. "आबा, मी येते शिडीवर." "तू कालिजात जाती. लोकं भिंत सोडून तुला बघत बसतील." "बघू देत की." "न्हाय म्हनलं ना." तेवढंच. मग रोज बारामतीच्या एसटीच्या खिडकीतून लासुर्ण्याची तुम्ही रंगवलेली भिंत जायची, माझ्या हातानं कापलेल्या अक्षरांची, आणि शेजारी बसलेल्या मुलीला मी काही सांगू शकायचे नाही. अजून त्या वळणावर मान आपोआप फिरते.

तर हा चौकोन मी तुमच्या पद्धतीनं कापला. वरची घरं किंचित उंच केली, काळं फार दाटलं तिथं जरा सरकवलं, पूल ठेवले, रंगवल्यावर एकूण एक भरले. खाली उतरून रस्ता ओलांडला. भिंतीवर एक रेघ वाकडी दिसत नव्हती. फोन धरला; काही नाही. जवळ गेले, लांब गेले, सावली पडते का बघितलं. काही नाही. सेक्रेटरींनी त्यांचा फोन काढला, तोही गप्प. "दिसतंय मात्र झकास," ते म्हणाले, आणि मला तिथंच त्यांच्या अंगावर डबा ओतावासा वाटला. पण राग तुमच्यावर होता. फोनला डोळा नाही, आबा. त्याला सगळी घरं सारखी लागतात, वरची, खालची, सगळी. ते मला ठाऊक होतं. हातानं ऐकलं नाही.

दुकानातून स्टीलची पट्टी आणली. दुसरी फिल्म कापताना दर घराला वाटत होतं, तुम्ही मागून हात घालून पट्टी ओढाल. एक-दोनदा मागे वळून बघितलंसुद्धा. पहिल्या चौकोनाच्या शेजारी दुसरा उमटवला. रस्त्यावरून तो वर निमुळता होत गेल्यासारखा दिसतो, मला तरी. पण फोन धरला आणि लगेच वाचनालयात येणाऱ्या एका मुलीचा आवाज सुरू झाला, थांबत, अडखळत, गोष्ट वाचणारा. ऊस घेऊन चाललेला एक ट्रॅक्टरवाला थांबून ऐकत राहिला. "कोन बोलतंय ह्यात?" "भिंत," मी म्हटलं. "बाई, थट्टा करताय," म्हणत त्यानं स्वतःचा फोन काढला. भिंतीकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

फ्लेक्स आला नाही. सेक्रेटरी तेव्हापासून विचारतात, "मॅडम, तो चुकलेला कधी पुसताय? लोक दोन्हीकडे फोन धरतात." मी म्हणते, उद्या. चुना कालवून ठेवते, तो घट्ट होतो, पुन्हा पाणी घालते. खरं सांगायचं तर संध्याकाळी मी रस्त्यापलीकडे उभी राहते ती त्याच चौकोनासाठी. तो पुसणं मला अजून जमलेलं नाही.